काखेतली ऊब

३ मार्च

आज आले. खोली बघून जीव सुपाएवढा झाला. दवाखान्याच्या मागे नोकरमाणसांच्या खोल्यांची ओळ आहे, त्यातली कडेची माझी. एक खाट, एक कपाट, एक खिडकी आणि दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे. लग्न झाल्यापासून घराची किल्ली कधी माझ्या कमरेला आली नाही. आधी सासूकडे, मग जावेकडे. नवरा गेल्यावर तर त्या घरात मी म्हणजे दारामागची केरसुणी. आज उगीचच कुलूप लावलं, काढलं, परत लावलं.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, आई, तुझ्या जिभेला हाड नाही. नव्या जागी जे काही कुणाला ऐकवावंसं वाटेल ते आधी वहीत लिही, आणि मग बघ, बोलायचं राहिलंय का. मोठी शहाणी. मी चौथीत शाळा सोडली, अक्षर म्हणजे कोंबडी शाईतून चालत गेल्यासारखं. पण वाचायचंय कुणाला.

हा मूल न होणाऱ्यांचा दवाखाना. लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. इथल्या नोकरमाणसाच्या घरच्यांना नंबर लवकर मिळतो, एरवी लोक वर्षभर वाट बघत बसतात. मी आले ती त्यासाठी. खोली आणि किल्ली हे वरचं लोणी.

पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवली. सिस्टरने मला मांजरीसारखं हुंगलं आणि म्हणाली, वासाचा साबण, डोक्याला तेल, काही चालायचं नाही, आंघोळ करून या. लॅबमध्ये फिनेलसुद्धा वापरत नाहीत. वासाने लॅबमधले जीव मरतात म्हणे. मनात म्हटलं, वासाने मरणारे जगून तरी काय दिवे लावणार. पण गेले, साध्या पाण्याने केस धुतले आणि आले.

आणि इथं मला सगळे मावशी म्हणतात. मी कुणाची मावशी नाही. पण सफाईच्या बाईला मावशीच म्हणायचं असा रिवाज दिसतो.

६ मार्च

काम कळलं. पुरुषमाणूस जुन्या इमारतीतल्या एका खोलीत जातो, डबी भरून भिंतीतल्या झडपेत ठेवतो. ती डबी मी उचलायची आणि लांबलचक गारठलेल्या बोळातून नव्या इमारतीतल्या लॅबमध्ये पोचवायची. डबी गार पडली की आतले शुक्राणू सुस्तावतात. मग त्यांची चाल परत येत नाही. म्हणून ती नेताना काखेत धरायची. मला आधी वाटलं थट्टा करताहेत. पण लॅबवाली म्हणाली, यंत्रं बरीच करून पाहिली, कुठे जास्त तापतं, कुठे कमी. अंगाची ऊब तेवढी बरोब्बर असते.

लॅबवालीला मी चष्मेवाली म्हणते. चष्मा कपाळावर असतो आणि सगळीकडे शोधत फिरते. भली आहे. आज तिने मला पडद्यावर दाखवलं. मायक्रोस्कोपखालचा एक थेंब पडद्यावर मोठा होऊन दिसतो. टाचणीच्या डोक्याला शेपूट लावावं तसे, शेकड्यांनी. काही सरळ पळतात. काही जागच्या जागी शेपूट आपटतात. काही नुसते गोल गोल फिरतात. ते बघून मला थोरले दीर आठवले. आयुष्यभर असेच. घरातून पारावर, पारावरून घरात.

मग ती त्यांना धुते आणि नळीच्या तळाशी ठेवते, वर ताजं पोषक पाणी सोडते. ज्यांच्यात दम आहे ते पोहून वर येतात. वरचेच घ्यायचे. तळाशी राहिले ते राहिले. काही बारीक नळ्यांत भरून नायट्रोजनच्या टाकीत गोठवतात, वर्षानुवर्षं तिथे राहतात. त्यांतले निम्मे परत उठत नाहीत. हे सांगताना चष्मेवालीचा आवाज पडला, जसं काही तिचं कुणी आत होतं.

सिस्टरने एकच गोष्ट बजावली. डबी काखेत असताना बोलायचं नाही. कुणाशी नाही, आणि डबीशी तर मुळीच नाही. मी विचारलं, का. म्हणाली, पद्धत आहे. पद्धतीला कारण नसलं की मला फार राग येतो.

११ मार्च

चादरींच्या खोलीत एक बाई आहे. मी घड्या न्यायला गेले तर खुर्चीत बसलेली. मी म्हटलं, अहो, सरका जरा. सरकली नाही. सरकता येत नाही तिला. माझ्या आधीची मावशी ती. सिस्टर म्हणाली, अंगावरून वारं गेलं. मुलगा परगावी कामाला असतो, सून घरी असून नसल्यासारखी, म्हणून दवाखान्याने तिला इथेच ठेवलीय. सिस्टर भरवते, पुसते, कूस बदलते. डावा हात काखेशी घट्ट मुडपलेला, जणू अजून काही धरलंय. फक्त डोळे हलतात. मी जिकडे जाईन तिकडे डोळे.

तिची नात आली होती. चार-पाच वर्षांची पोर, पण एक मिनिट बूड टेकत नाही. खुर्चीभोवती पळ, चादरींवर चढ, उडी मार. सिस्टर म्हणते, ही झोपेतसुद्धा पाय चालवते. मी एकदा दटावलं तर जीभ काढून दाखवली. म्हातारीचे डोळे तिच्यामागे भिंगरीसारखे फिरत होते. त्या डोळ्यांत माया होती की भीती, मला कळलं नाही. चादरी घेतल्या आणि निघाले.

१९ मार्च

आज माझ्याने राहवलं नाही. एक गृहस्थ पुन्हा आले होते. कपाळावर आठ्या, हातात टोपी गोळा केलेली. त्यांचे मागचे सगळे रिपोर्ट वाईट. डबी घेऊन मी बोळात शिरले आणि तोंड सुटलं. म्हटलं, अरे मेल्यांनो, हला की जरा. तुमच्या बापाने बाहेर टोपीची चिंधी केलीय, तुम्ही आत लोळत पडलात. चला, उठा. बोळ संपेपर्यंत त्यांची शोभा केली. मोकळं वाटलं. किती दिवसांत कुणावर ओरडले नव्हते.

थोड्या वेळाने चष्मेवालीने हाक मारली. पडद्यावर सगळे पळत होते. ती जुना रिपोर्ट आणि पडदा, पडदा आणि जुना रिपोर्ट बघत बसली. डबी बदलली नाही ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी चौथी शिकलेय, आंधळी नाही.

४ एप्रिल

आता वाईट रिपोर्टवाले सगळे माझ्याकडेच. चष्मेवाली म्हणते, मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. मी रोज बोलते. कुणाला शिव्या, कुणाला लाडीगोडी. लाजऱ्या माणसाची डबी असली की हळू बोलावं लागतं, दांडगटाची असली की दोन शिव्या घातल्याशिवाय चालत नाही. गोठवलेल्या नळ्या वितळवल्या की त्यांचीही डबी माझ्या काखेत देतात. परवा टाकीतले असे उठले की चष्मेवालीने मला मिठी मारली. मी म्हटलं, बाई, वास येईल.

लेकीला कळवलं. म्हटलं, तुझी आई जिभेमुळे नावाजली. तिला खरं वाटेना.

डाव्या करंगळीला मुंग्या येतात. गार पाण्यात फरशी पुसून येत असतील.

१५ एप्रिल

आजचं नीट लिहिते. घाई करणार नाही.

मी लॅबमध्ये फडकी द्यायला गेले. चष्मेवाली पडद्यासमोर होती, थेंब लावलेला. मी दारातून म्हटलं, फडकी कुठे ठेवू. तेवढंच.

पडद्यावरचे सगळे थांबले. मग वळले. एकाच वेळी, एकाच बाजूला. दाराच्या बाजूला. माझ्याकडे.

चष्मेवाली म्हणाली, थेंबात प्रवाह असतो, त्याच्या उलट पोहायची त्यांना सवय आहे. बरं असेल. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, मावशी, खिडकीकडे जाऊन काहीतरी बोला. मी खिडकीकडे गेले. म्हटलं, काय बोलू.

ते खिडकीकडे वळले.

ती हसली नाही. मीही नाही. तिने पडदा बंद केला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन उगीचच बाटल्या पुसत राहिली. त्यांना कान नाहीत. मी तिला विचारलं, कान नाहीत ना. नाहीत म्हणाली.

२२ एप्रिल

करंगळी वळत नाही. तिच्या शेजारचंही बोट. दुखत नाही, ते बरं की वाईट. नुसतं गार. मी ते दातांनी चावून पाहिलं, दुसऱ्याचं बोट चावल्यासारखं वाटलं.

सिस्टरला गाठलं, वाट अडवून. म्हटलं, खरं सांग, त्या मावशीला काय झालं. आधी टाळलं. मग सांगितलं. ती गायची. डबी काखेत घेऊन गाणी म्हणत बोळातून जायची, आणि तिच्या हातच्या डब्या अशाच पळायच्या. आधी बोटं गेली. मग हात, मग पाय, मग गळा. डॉक्टरांनी नाना तपासण्या केल्या, कशात काही नाही. तेव्हापासून सिस्टरने आपल्यापुरता नियम केला, बोलायचं नाही.

मी म्हटलं, मग मला कारण का नाही सांगितलंस. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही हसला असतात, आणि मुद्दाम बोलला असतात.

खरं आहे ते. म्हणूनच तिचा जास्त राग आला.

म्हणजे हे असं. त्यांना चाल हवी असते, ती कुठून तरी यावी लागते. मी हला म्हणते आणि माझंच हलणं त्यांना देते.

२९ एप्रिल

तोंड शिवलंय. डबी उचलते, गप्प नेते, ठेवते. चष्मेवाली काही विचारत नाही, पण मेलेल्या डब्या बाजूला ठेवताना माझ्याकडे बघते.

गप्प राहिलं की ते वाईट. डबी काखेत हुळहुळते. आतून. झाकण बंद असतं, तरी कातडीला कळतं. लहान मूल पदर ओढतं ना, तसं. बोल, बोल, बोल. मी दात आवळून चालते.

नायट्रोजनच्या टाक्यांच्या खोलीपाशी तर पळतेच. आज तिथून जाताना टाक्यांची झाकणं बारीक वाजत होती. सगळ्यांची. आतले काहीजण असे आहेत की ज्यांची माणसंसुद्धा आता या जगात नाहीत. त्यांना कुणी न्यायला येणार नाही. मी बोळाच्या टोकाला गेले आणि वाजणं थांबलं.

लेकीचं झालं की ही नोकरी सोडायची. जावेची केरसुणी परवडली.

१९ मे

लेक आणि जावई आले. लेकीला इतकी इंजेक्शनं टोचलीत की दंड हिरवेनिळे झालेत. उद्या तिची बीजं काढणार. डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय, अंग आता एवढं एकदाच साहील, पुढे नाही. बीजंही मोजकीच आहेत.

जावयाचे आधीचे दोन्ही रिपोर्ट चष्मेवालीने मला दाखवले. दाखवायचे नसतात, तरी दाखवले. मला वाचता येईना, तेव्हा ती म्हणाली, जवळजवळ हलतच नाहीत, मावशी. एखादा जरी धड हलला तरी निवडता येईल. इथं तर जिवंत कोण नि मेलेला कोण हेच कळत नाही. बोला असं म्हणाली नाही. बोलू नका असंही म्हणाली नाही.

लेक माझ्या खोलीत झोपलीय आत्ता, दुपारचीच. झोपेत तिचा हात पोटावर आहे. तिथे अजून काही नाही.

२० मे

जावई गरीब स्वभावाचा. सासूच्या हातात डबी द्यायची म्हणून मेल्याहून मेल्यासारखा झाला होता. झडपेत न ठेवता बाहेर आला, डबी रुमालात गुंडाळलेली, मान खाली. म्हणाला, आई, तुम्हाला हे करावं लागतंय. मी म्हटलं, वेळ घालवू नका, गार पडेल.

बोळ. डबी काखेत. काही हुळहुळलं नाही. आत खरंच काही नव्हतं, दगड धरल्यासारखं. अर्धा बोळ गप्प गेले. शपथ घेऊन गेले.

मग बोलले.

शिव्या नाही दिल्या. म्हटलं, चला रे बाळांनो. लांब जायचंय. तिकडे माझी लेक झोपलीय टेबलावर, भूल दिलेली, ती उठायच्या आत पोचायचं. ती लहान असताना मी तिला अशीच काखोटीला मारून हिंडायचे. तशी तुम्हाला नेते. फक्त हला.

बोळ संपला तेव्हा डबी गरम होती. माझा हात डबीभोवती तसाच राहिला. चष्मेवालीने एकेक बोट सोडवून डबी काढून घेतली.

पडद्यावर मी बघितलं नाही. तिचा चेहरा बघितला. पुरे.

८ जून

राहिलं. लेकीला दिवस राहिले.

फोनवर दोघी नुसत्या रडलो. मी तर रडत रडत तिलाच रागावले, की रडू नकोस.

डावा हात गेला. काखेशी आहे, असू दे. डाव्या पायाची टाच ओढते. नोकरी सोडायची म्हटलं तर आता जाणार कुठे. सिस्टर चादरींच्या खोलीत दुसरी खुर्ची ठेवत होती. मी आडून बघितलं. मी बघितलेलं तिला कळलं. तिने खुर्चीवर उशी ठेवली.

डबी उचलायला नवी बाई आलीय. मुकी आहे, जन्माची. सिस्टरने शोधून आणली.

१४ सप्टेंबर

वही बरेच दिवस उघडली नाही. उजव्या हाताने लिहिते, वही सरकते, धरायला दुसरा हात नाही.

लेक तपासणीला येते तेव्हा माझ्याशेजारी बसते. पोट दिसायला लागलंय. गेल्या खेपेला हलतंय म्हणाली. मी जोरात हसले, आणि तिने एकदम पोट धरलं.

पाय त्या दिवशी गेले. दोन्ही. ती निघाली आणि मला निरोपाला उठता आलं नाही.

आता मी खुर्चीत. समोर म्हातारी. दोघी मावशा समोरासमोर.

१७ ऑक्टोबर

लेक डावीकडे बसली तर तिचं पोट माझ्या बाजूने उचलतं. उजवीकडे बसली तर तिकडून. डोळ्यांनी दिसतं, लुगड्यावरून. ती हसते. म्हणते, आत्तापासून आजीचं वेड आहे याला.

मला ठाऊक आहे कसलं वेड आहे.

बोलताना जीभ जड होते. शब्द तोंडात घोळतो, भातासारखा. लेक म्हणते, सावकाश बोल आई. मी आयुष्यात कधी सावकाश बोलले नाही.

३ नोव्हेंबर

लेकीला म्हटलं, येऊ नकोस. कारण सांगता येईना. जीभ वळेना, आणि वळली असती तरी काय सांगणार. तुझ्या पोटातलं मला खातंय, असं सांगणार. ती रडत गेली. म्हणाली, सगळ्या जगावर तोंड टाकलंस, मी उरले होते.

लागलं. लागू दे.

२६ नोव्हेंबर

ती आली नाही. बरंय. मी आहे तेवढी आहे. उजवा हात, मान, डोळे. जीभ गेली.

म्हातारीची नात येते. खोलीभर पळते. म्हातारी तिला डोळ्यांनी धरून ठेवते. आता मला कळतं, ही पोर का बसत नाही. ती कुणाची चाल घेऊन पळतेय. मुलाची डबीसुद्धा म्हातारीनेच आणली असणार, गात गात.

५ डिसेंबर

आज ती पोर पळता पळता दमली. पहिल्यांदाच. म्हातारीच्या मांडीवर चढली, गळ्यात हात टाकला, गाल गालाला लावला. बसली थोडा वेळ.

मग उतरली आणि परत पळायला लागली. जोरात.

म्हातारीचे डोळे तिच्यामागे गेले नाहीत.

सिस्टर आली, तिने हात धरून पाहिला, मग छातीला कान लावला. बराच वेळ.

छातीतलं तरी काय असतं — हलणंच की.

खुर्ची रिकामी केली. माझ्यासमोर आहे. उशी तशीच.

१२ डिसेंबर

सिस्टर सांगत आली — लेक वर भरती आहे. पोटातलं हलत नाहीये. दोन दिवस झाले. ठोके आहेत, पण मंद. डॉक्टर थांबून बघू म्हणतात.

मी येऊ नको म्हटलं — त्यानंतर हळूहळू कमी होत गेलं म्हणे. माझ्यापासून लांब — गार पडलं. बोळातल्या डबीसारखं.

उजवा हात आहे. लिहायला. एवढाच

१३ डिसेंबर

चष्मेवाली आली होती. खाली बसली, माझ्या पायाशी. चष्मा हातात. म्हणाली, मी विचारायला हवं होतं त्या दिवशी. मी वहीवर लिहिलं — विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं? तिने वाचलं.

मग लिहिलं — लेकीला खाली आण.

ती म्हणाली, मावशी, नको. मग उठली. गेली.

जीभ नाही. गाणं नाही. शब्द आहे, तो आता बोटांत आहे. लिहिलेलं ऐकू जातं का त्यांना — कान तर तेव्हाही नव्हते

१४ डिसेंबर

आणली. चाकांच्या खुर्चीत. माझ्याजवळ लावली. तोंड सुजलंय रडून. म्हणते, आई, हे हलत नाही गं.

वही तिच्या पोटावर ठेवलीय. तिथेच लिहिते. तिला उलटं वाचता येत नाही. बरंय. विचारते, काय लिहितेस.

बाळा, मी. आजी. बोळातली.

हल

लांबून आलास. आता थोडंच राहिलं. आईला रडवू नकोस, मेल्या. हल

हल रे सोन्या

वही हलली. खालून. लेक एकदम — तिने माझा हात धरला, म्हणते आई, आई, बघ

पुन्हा

मनगट गार. लेक हसतेय. किती दिवसांनी

अंगठा — पेन घसर

हल. थांबू नकोस. माझ्याकडे बघू नकोस, पुढे बघ, ह